ज्योतिर्विद सर विल्यम हर्शल

आपल्या मराठी पंचांगांत ग्रहांचीं स्थानें दिलेलीं असतात. त्यांत रवि, चंद्र, मंगळ, बुध, गुरु, शुक्र व शनि ह्या परिचित नांवांच्या शेजारीं 'हर्शल' असें एक निराळेंच नांव आढळतें. हें नांव संस्कृत नाहीं, तसेंच तें कोणा देवतेचेंही नाहीं. तें एका मनुष्याचें नांव आहे. ज्या ग्रहास पाश्चात्त्य देशांत युरेनस व आपल्याकडील कित्येक ग्रंथांत प्रजापति म्हणतात, तो ग्रह सन १७८१ मध्यें ह्या मनुष्यानें प्रथम ओळखला, म्हणून आपल्या लोकांनीं त्या ग्रहास शोधकाचेंच नांव दिलें. मौज ही कीं, हा शोध लावणारा गृहस्थ त्या वेळीं कोणत्याही वेधशाळेचा अधिकारी नव्हता किंवा विद्यापीठाचा पंडितही नव्हता. गायनवादन शिकवून तो आपला चरितार्थ चालवीत असे, आणि त्याची दुर्बीण त्यानें स्वतःच्या हातांनीं घडविलेली होती. हा ग्रह केवळ दैवयोगानें त्याच्या दृष्टीस पडला, असें त्या काळीं पुष्कळांस वाटलें. तें कितपत खरें होतें, हें त्याचें चरित्र वाचून वाचकांनींच ठरवावें.

विल्यम हर्शल ह्याचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजीं जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं झाला. त्याचे वडील आयझॅक हे पलटणीच्या वाद्यपथकांत ओबो नांवाचें, आपल्या सनईच्या जातीचें, वाद्य वाजवीत असत. प्राप्ति थोडी, मुलें पुष्कळ आणि दिवस युद्धाचे. तरी ह्या गृहस्थांस ज्ञानाची गोडी मोठी होती. रात्रीं घरांत बापलेकांमध्यें संगीताच्या व तत्त्वज्ञानाच्या गोष्टी चालत, आणि आकाश निरभ्र असलें म्हणजे ते मुलांस रस्त्यावर नेऊन नक्षत्रें दाखवीत. धनाचा वारसा त्यांना देतां आला नाहीं. जिज्ञासेचा मात्र त्यांनीं भरपूर दिला. विल्यम चौदा वर्षांचा झाला, तेव्हां त्याची शाळा सुटली व तो वडिलांच्याच पथकांत वादक म्हणून दाखल झाला.

सन १७५७ मध्यें हास्टेनबेक येथें फ्रेंचांशीं लढाई होऊन हॅनोव्हरच्या पक्षाचा पराभव झाला व शहर शत्रूच्या हातीं गेलें. तेव्हां आयझॅक ह्यांनीं आपल्या दोघां मुलांस, याकोब व विल्यम ह्यांस, इंग्लंडांत धाडून दिलें. त्या वेळीं हॅनोव्हर व इंग्लंड ह्या दोन्हीं राज्यांचा राजा एकच असल्यामुळें जर्मन लोकांस तेथें जाणें सोपें होतें. एकोणीस वर्षांचा विल्यम लंडनास पोहोंचला, तेव्हां त्याच्यापाशीं आपल्या कलेवांचून दुसरें कांहींच भांडवल नव्हतें. प्रथम त्यानें स्वरलिपीच्या नकला करून पोट भरलें. पुढें उत्तर इंग्लंडांतील गांवोगांव फिरून त्यानें वाद्यें वाजविलीं, शिष्यांस शिकविलें व स्वतः संगीतरचनाही केल्या. अखेर सन १७६६ मध्यें बाथ ह्या श्रीमंत लोकांच्या आवडत्या शहरांत ऑक्टॅगन चॅपेल नांवाच्या उपासनामंदिरांत ऑर्गनवादकाची जागा त्यास मिळाली. आतां त्याचें बस्तान चांगलें बसलें. दिवसांतून सात-आठ शिकवण्या, रविवारीं उपासनेंतील वादन आणि हंगामांत जलसे, असा त्याचा दिनक्रम होता.

दुसरा कोणी असता तर एवढ्या यशानें तृप्त झाला असता. विल्यमचा स्वभाव निराळा होता. संगीताचें शास्त्र समजावें म्हणून त्यानें रॉबर्ट स्मिथ ह्यांचा स्वरशास्त्रावरील ग्रंथ वाचला. त्याच लेखकाचा प्रकाशशास्त्रावरील ग्रंथ आहे असें कळतांच तोही मिळविला. त्यांत दुर्बिणी कशा कराव्या ह्याचें वर्णन होतें. सन १७७३ मध्यें त्यानें फर्ग्युसन ह्यांचें ज्योतिषावरील पुस्तक विकत घेतलें. दिवसभराच्या शिकवण्यांनीं थकून घरीं आल्यावर बिछान्यांत पडून हीं पुस्तकें वाचणें, हीच त्याची विश्रांति झाली. त्या वेळीं त्याचें वय चौतीस वर्षांचें होतें. शाळा सोडून वीस वर्षें लोटल्यावर त्यानें स्वतःस नव्यानें विद्यार्थी करून घेतलें.

येथें त्याच्या बहिणीची ओळख करून दिली पाहिजे, कारण तिच्यावांचून हें चरित्र अर्धेंच राहील. कॅरोलीन ही विल्यमहून अकरा वर्षांनीं लहान. तिचा जन्म १७५० सालचा. दहाव्या वर्षीं तिला विषमज्वरासारख्या दुखण्यानें गांठलें व तिची वाढ खुंटली. ती जेमतेम सव्वाचार फूट उंच राहिली. मुलीच्या जातीस विद्या काय करावयाची, घरकाम आलें म्हणजे पुरे, असें तिच्या आईचें ठाम मत होतें. आई दृष्टीआड असतांना वडील तिला थोडें व्हायोलिन शिकवीत, तेवढेंच तिचें शिक्षण. वडील १७६७ सालीं वारले, आणि मग ती घरची मोलकरीणच होऊन बसली. हें विल्यमला पाहवेना. सन १७७२ मध्यें तो हॅनोव्हरास गेला, आईला मोलकरीण ठेवतां यावी म्हणून वार्षिक रक्कम बांधून दिली, आणि बहिणीस बाथला घेऊन आला. तेथें त्यानें तिला इंग्रजी, हिशेब व गायन शिकविलें. थोड्याच वर्षांत ती उत्तम गायिका झाली, आणि १७७८ सालीं हँडेल ह्या प्रसिद्ध संगीतकाराच्या 'मसीहा' ह्या रचनेंत तिनें मुख्य गायिकेचें काम केलें.

इकडे विल्यमला तारे पाहण्याचा छंद जडला होता. त्यानें लहान दुर्बिणी भाड्यानें आणून पाहिल्या, परंतु त्यांनीं त्याचें समाधान होईना. भिंगांच्या दुर्बिणी फार लांब व सांभाळण्यास कठीण असत. मोठ्या आरशाची दुर्बीण विकत घ्यावी तर तेवढें द्रव्य नव्हतें. आरशाच्या दुर्बिणींत अंतर्गोल आरसा आकाशांतून येणारा प्रकाश एकत्र करितो. आरसा जितका मोठा तितका प्रकाश अधिक, आणि तितक्या मंद वस्तु दिसूं शकतात. त्या काळीं असे आरसे कांचेचे नसून तांबें व कथील ह्यांच्या मिश्रधातूचे करीत. धातूची तबकडी ओतावयाची, घासून तिला योग्य तो खोलगटपणा आणावयाचा, आणि मग तिला जिल्हई द्यावयाची. ह्यांत केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अशी चूक झाली तरी प्रतिमा बिघडते. हर्शलनें एका हौशी माणसाचीं जुनीं हत्यारें विकत घेतलीं आणि हें काम स्वतः करण्याचें ठरविलें.

मग त्या घराची कळाच बदलली. दिवाणखान्यांत सुताराचें काम सुरू झालें, निजण्याच्या खोलींत घासकामाचें यंत्र येऊन बसलें. जिल्हई देतांना हात मध्येंच थांबला तर आरशाचा आकार बिघडतो. म्हणून एकदां तर विल्यम सोळा तास उठला नाहीं, आणि कॅरोलीननें घांस त्याच्या तोंडांत भरवून त्याला जेवूं घातलें. त्याचा कंटाळा जावा म्हणून ती त्याला 'अरबी भाषेंतील सुरस गोष्टी' व 'डॉन क्विक्झोट' वाचून दाखवी. पहिल्याच प्रयत्नांत यश आलें असें नाहीं; कित्येक आरसे टाकून द्यावे लागले. तथापि १ मार्च १७७४ रोजीं त्यानें आपल्या निरीक्षणांची वही उघडली, आणि तींत शनीचीं कडीं व मृगनक्षत्रांतील तेजोमेघ ह्यांची पहिली नोंद केली.

आपल्यापैकीं पुष्कळजण दुर्बिणींतून चंद्र पाहतात, शनि पाहतात आणि कुतूहल शमलें म्हणजे घरीं जातात. हर्शलनें असें ठरविलें कीं, सारें आकाश क्रमानें पाहावयाचें. एकही तेजस्वी तारा तपासल्यावांचून सोडावयाचा नाहीं. हें काम संपलें तेव्हां अधिक मोठी दुर्बीण घेऊन त्यानें तेंच पुन्हां आरंभिलें, आणि ह्या वेळीं कितीतरी मंद तारेही त्यानें तपासणीस घेतले. सन १७७९ च्या डिसेंबरांत एके रात्रीं घरासमोरच्या रस्त्यावर दुर्बीण मांडून तो चंद्रावरील पर्वतांचें निरीक्षण करीत होता. वाटेनें जाणारे डॉक्टर विल्यम वॉटसन हे रॉयल सोसायटीचे सभासद होते. त्यांनीं थांबून आपणांसही पाहूं द्यावें अशी विनंती केली. दुर्बिणीची सफाई पाहून ते थक्क झाले. त्यांच्याच ओळखीनें ह्या संगीतशिक्षकाचें नांव विद्वानांच्या सभेंत पोहोंचलें.

१३ मार्च १७८१ ची रात्र उजाडली ती इतर रात्रींसारखीच. न्यू किंग स्ट्रीटवरील घराच्या मागच्या बागेंत हर्शल आपल्या सात फुटी दुर्बिणीनें वृषभ व मिथुन ह्या राशींच्या सीमेवरील तारे तपासीत होता. दहा-अकराच्या दरम्यान एक तारा त्यास इतरांहून किंचित् मोठा दिसला. तारे इतके दूर आहेत कीं, दुर्बिणीची शक्ति कितीही वाढविली तरी ते केवळ बिंदूसारखेच राहतात. हर्शलनें एकामागून एक अधिक शक्तीचीं भिंगें लावून पाहिलीं. पहिल्यानें वस्तु सुमारें २२७ पट मोठी दिसे, दुसऱ्यानें ४६० पट, तिसऱ्यानें ९३२ पट. शेजारचे तारे होते तसेच राहिले, आणि हें बिंब मात्र त्या त्या प्रमाणांत वाढत गेलें. अर्थात् हा तारा नव्हे. चार रात्रींनंतर पाहतो तों त्यानें आपली जागाही सोडलेली! हा धूमकेतु असावा असा त्यानें कयास केला व तसें कळविलें.

धूमकेतूला शेपूट असावी; ह्याला ती नव्हती. ग्रिनिच येथील राजज्योतिषी मास्केलीन ह्यांस हा ग्रहही असूं शकेल असा संशय आला, आणि लेक्सेल ह्या गणितज्ञानें त्याची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहे असें दाखविलें. निर्णय झाला. सूर्यापासून शनीच्या दुप्पट अंतरावर फिरणारा, चौऱ्यांशीं वर्षांत एक फेरा पूर्ण करणारा एक नवा ग्रह सांपडला होता. बुधापासून शनीपर्यंतचे पांच ग्रह मनुष्य इतिहासाच्याही पूर्वींपासून पाहत आला. त्यांत भर पडण्याचा हा पहिलाच प्रसंग. सूर्यमालेचा विस्तार एकाएकीं दुप्पट झाला.

आतां दैवयोगाचा प्रश्न घ्या. हा ग्रह हर्शलच्या आधीं कोणासच दिसला नव्हता काय? दिसला होता. इंग्लंडचे पहिले राजज्योतिषी फ्लॅमस्टीड ह्यांनीं सन १६९० मध्येंच त्यास पाहून, वृषभ राशींतील एक तारा म्हणून आपल्या यादींत त्याची नोंद केलेली होती. फ्रान्सांतील ल मोनिए ह्या ज्योतिर्विदानें तर तो अनेकदां पाहिला, आणि दर वेळीं त्यास तारा समजून सोडून दिलें. ग्रह त्यांच्याही डोळ्यांसमोरून गेला. परंतु बिंबाचा तो सूक्ष्म आकार दाखविणारी दुर्बीण त्यांच्यापाशीं नव्हती, आणि तो एका दृष्टिक्षेपांत ओळखणारा डोळाही नव्हता. हर्शलची दुर्बीण पुढें ग्रिनिचला नेऊन तेथील सरकारी दुर्बिणींशीं ताडून पाहण्यांत आली, तेव्हां ती त्यांच्याहून सरस ठरली. तो क्रमानें सारें आकाश धुंडीत होता. त्या रात्रीं नसता तर दुसऱ्या कोणत्या तरी रात्रीं तो ग्रह त्याला भेटलाच असता.

यश मिळण्यापूर्वीं व नंतरही अपयश त्याच्या घरींच राहत होतें, हेंही सांगितलें पाहिजे. त्याच १७८१ सालच्या उन्हाळ्यांत त्यानें तीन फूट व्यासाचा आरसा ओतण्याचा घाट घातला. घोड्याची लीद कुटून तिचा साचा केला. कुटण्याचें बरेंचसें काम कॅरोलीनच्या वांट्यास आलें. पहिला आरसा थंड होतांना तडकला. दुसऱ्या वेळीं भट्टीच गळली. वितळलेली धातु तळघराच्या फरशीवर पसरतांच फरशा फुटून त्यांचे तुकडे चोहोंकडे उडूं लागले, आणि सर्वांस जीव घेऊन पळावें लागलें. ज्या वर्षीं सबंध युरोपांत त्याचें नांव झालें, त्याच वर्षीं हाही प्रसंग घडला.

रॉयल सोसायटीनें त्यास कॉप्ली पदक देऊन सभासद करून घेतलें. हर्शलनें ग्रहास राजे तिसरे जॉर्ज ह्यांचें नांव दिलें होतें. तें पुढें टिकलें नाहीं, व बोडे ह्या जर्मन ज्योतिर्विदानें सुचविलेलें युरेनस हें नांव रूढ झालें. राजानें १७८२ सालीं त्यास दोनशें पौंडांचें वार्षिक वेतन देऊन विंडसरजवळ बोलाविलें. संगीतावर त्याला ह्याहून अधिक मिळत होतें. तरीही त्यानें शिकवण्या सोडल्या, बाथ सोडलें, आणि त्रेचाळिसाव्या वर्षीं आपला छंद हाच आपला व्यवसाय केला. उणें पडणारें उत्पन्न भरून काढण्यासाठीं तो दुर्बिणी करून विकूं लागला. स्पेनच्या राजानेंही त्याच्याकडून एक मोठी दुर्बीण करवून घेतली.

त्याच्या ह्या निर्णयाची किंमत कॅरोलीननें अधिक मोजली. ती गायिका म्हणून नांवारूपास येत होती. बर्मिंगहॅमच्या उत्सवांत गाण्याचें तिला बोलावणेंही आलें होतें, पण भावाखेरीज दुसऱ्या कोणाच्या हाताखालीं गावयाचें नाहीं म्हणून तिनें तें नाकारलें. आतां भावानें संगीतच सोडलें, तेव्हां तिचें गाणेंही संपलें. तिची इच्छा कोणी विशेष विचारली नाहीं. नव्या जागीं, डॅचेट येथें, ती भावाची लेखनिक व गणिती झाली. वीस फुटी दुर्बिणीच्या मचाणावर उभा राहून विल्यम आकाशाचा एकेक पट्टा पाही व दिसेल तें ओरडून सांगे. खालीं खिडकीशीं दिव्याजवळ बसलेली कॅरोलीन वेळ व स्थान टिपून घेई. विल्यमचे डोळे अंधाराला सरावलेले राहावे, दिवा पाहून ते दिपूं नयेत, म्हणून ही योजना होती. दुसऱ्या दिवशीं ती साऱ्या नोंदींचें गणित करून शुद्ध प्रत तयार करी. तिला पाढे कधीं पाठ झाले नाहींत. त्यांचा कागद ती नेहमीं जवळ बाळगीत असे. तरीही तिच्या गणितावर साऱ्या युरोपाचे ज्योतिर्विद विश्वास ठेवीत.

३१ डिसेंबर १७८३ च्या रात्रीं जमिनीवर बर्फाचा जाड थर होता. ढग जरा फांकले, तारे दिसूं लागले, आणि विल्यमनें वरून घाई करण्यास सांगितलें. दुर्बिणीचें चाक हलविण्यासाठीं कॅरोलीन अंधारांत धांवली. पाय घसरला, आणि लोखंडी आंकडा गुडघ्याच्या वर तिच्या मांडींत रुतला. तिला ओढून काढतांना मांसाचा लचका आंकड्यालाच राहिला. जखम बरी होण्यास कित्येक आठवडे लागले. पुढें ह्या प्रसंगाची आठवण लिहितांना तिनें समाधान मानलें तें एवढेंच कीं, ती रात्र पुढें ढगाळच राहिल्यामुळें भावाच्या कामाचें नुकसान झालें नाहीं. ह्या वृत्तीची थोरवी मान्य करावी. परंतु एवढी थोर सेवा जिच्याकडून घेतली गेली, तिच्याविषयीं मन हळहळल्यावांचून राहत नाहीं.

ह्या दोघांनीं वीस वर्षांत सुमारें अडीच हजार तेजोमेघ व तारकापुंज यादींत आणले. पूर्वीं शंभर-सवाशेंच ठाऊक होते. निरनिराळ्या दिशांस दुर्बीण रोखून दृष्टिक्षेत्रांत किती तारे येतात हें हर्शलनें मोजलें, आणि आपली तारकासृष्टि जात्याच्या तळीसारखी चपटी आहे, तिच्या कडेकडे पाहिलें असतां आकाशगंगेचा पट्टा दिसतो, असें अनुमान काढलें. सूर्यही स्थिर नसून सर्व ग्रहांसह शौरी नांवाच्या तारकासमूहाच्या दिशेनें चालला आहे, असें त्यानें १७८३ सालीं मांडलें. दोन तारे अगदीं जवळ दिसतात अशा शेंकडों जोड्या त्यानें टिपून ठेविल्या होत्या. सुमारें पंचवीस वर्षांनीं त्याच जोड्या पुन्हां तपासतांना, पुनर्वसु नक्षत्रांतील कॅस्टरसारख्या कित्येक जोड्यांतील तारे एकमेकांभोंवतीं फिरत आहेत, असें त्यास आढळलें. पृथ्वीवर फळ खालीं पाडणारा गुरुत्वाकर्षणाचा नियम ताऱ्यांच्या प्रदेशांतही चालतो, ह्याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा होय. पंचवीस वर्षांपूर्वींची वही जपून ठेविली नसती, तर हा शोध लागलाच नसता.

१ ऑगस्ट १७८६ रोजीं विल्यम परदेशीं असतां कॅरोलीननें आपल्या लहान दुर्बिणीनें एक धूमकेतु शोधून काढला. १७९७ पर्यंत तिनें असे आठ धूमकेतु पाहिले. १७८७ सालीं राजानें तिला पन्नास पौंड वार्षिक वेतन सुरू केलें; शास्त्रीय कामासाठीं इंग्लंडांत वेतन मिळविणारी ती पहिली स्त्री. पुढील वर्षीं विल्यमनें मेरी पिट ह्या विधवा बाईशीं विवाह केला. सोळा वर्षें जें घर कॅरोलीननें चालविलें होतें तें तिला सोडावें लागलें, आणि ती भाड्याच्या खोलींत राहावयास गेली. ह्यानंतरच्या सुमारें दहा वर्षांची आपली रोजनिशी तिनें पुढें स्वतःच नष्ट केली. त्यावरून तिचें दुःख काय असेल तें समजतें. परंतु भावजयीशीं तिचें पुढें सख्य जमलें, आणि १७९२ सालीं जन्मलेला भाचा जॉन तर तिचा जीव कीं प्राण झाला.

राजानें दिलेल्या चार हजार पौंडांतून स्लाउ येथें हर्शलनें १७८९ सालीं चाळीस फूट लांबीची प्रचंड दुर्बीण उभारली. आरसा चार फूट व्यासाचा. एवढी दुर्बीण जगांत त्यापूर्वीं झाली नव्हती. त्याच वर्षीं शनीचे एन्सेलॅडस व मिमास हे दोन उपग्रह त्यानें शोधले. परंतु खरें सांगावयाचें तर ह्या राक्षसी यंत्रानें फारशी सेवा केली नाहीं. तें हलविण्यास मजूर लागत, धातूचा आरसा दंवानें लवकर काळवंडे, व त्याला पुनः पुन्हां जिल्हई द्यावी लागे. लोक पाहावयास येत ते ह्या दुर्बिणीला. काम होई तें जुन्या वीस फुटीनें.

सन १८०० मध्यें त्यानें एक निराळाच शोध लावला. सूर्य पाहण्यासाठीं रंगीत कांचा वापरतांना त्याला असें जाणवलें कीं, कांहीं कांचांतून प्रकाश थोडा येतो, पण उष्णता पुष्कळ येते. तेव्हां त्यानें लोलकानें सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले व एकेका रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिला. जांभळ्याकडून तांबड्याकडे जावें तसतसा पारा अधिक चढे. मग त्यानें उष्णतामापक तांबड्याच्याही पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें तेथें ठेविला. पारा तेथेंही चढला, आणि तांबड्याहून अधिक चढला. डोळ्यांस न दिसणारा असाही प्रकाश आहे, हें त्या दिवशीं मनुष्यास प्रथम कळलें. ह्यांनाच आज अवरक्त किरण म्हणतात.

त्याचीं सर्वच मतें खरीं ठरलीं असें नाहीं. चंद्रावर, किंबहुना सूर्याच्या पृष्ठभागावरही, प्राणी राहत असावेत असें त्याला वाटे. सूर्य आपल्या तारकासृष्टीच्या मध्याजवळ आहे हें त्याचें अनुमानही चुकलें, कारण ताऱ्यांमधील धूळ दूरचे तारे झांकून टाकते हें त्या काळीं ठाऊक नव्हतें. पण त्याच्या नोंदी प्रामाणिक होत्या. म्हणून अनुमानें गळून पडलीं तरी नोंदी उपयोगीं पडत राहिल्या.

१८१६ सालीं त्यास सर ही पदवी मिळाली, आणि लंडनच्या ज्योतिषसंस्थेचा तो पहिला अध्यक्ष झाला. २५ ऑगस्ट १८२२ रोजीं, वयाच्या त्र्याऐंशींव्या वर्षीं, स्लाउ येथें त्याचें देहावसान झालें. त्यानें शोधलेल्या ग्रहास सूर्याभोंवतीं एक फेरा करण्यास चौऱ्यांशीं वर्षें लागतात. त्याचें स्वतःचें आयुष्यही जवळजवळ तेवढेंच भरलें.

भाऊ गेल्यावर कॅरोलीन हॅनोव्हरास परतली. बहात्तर वर्षांच्या ह्या वृद्धेनें भावाचे सर्व तेजोमेघ नव्या क्रमानें लावून भाच्यासाठीं सूची तयार केली. त्याबद्दल ज्योतिषसंस्थेनें १८२८ सालीं तिला सुवर्णपदक दिलें. जॉन हर्शलनें आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाशीं चार वर्षें राहून दक्षिण आकाश तपासलें व बापआत्यांचें काम पुरें केलें. ९ जानेवारी १८४८ रोजीं, सत्त्याण्णवाव्या वर्षीं, कॅरोलीन वारली. तिच्या इच्छेप्रमाणें शवपेटींत भावाच्या केसांची एक बट व वडिलांनीं वापरलेलें एक जुनें पंचांग ठेवण्यांत आलें.

हर्शलचें काम त्याच्याबरोबर संपलें नाहीं. त्याचा ग्रह गणिताबरहुकूम चालत नाहीं असें आढळल्यावरून, पलीकडे आणखी एक ग्रह असला पाहिजे असा तर्क झाला, आणि १८४६ सालीं नेपच्यून सांपडला. १० मार्च १९७७ रोजीं हर्शल एका ताऱ्यासमोरून जात असतां त्याच्याभोंवतीं कडीं असल्याचें कळलें. त्या रात्रीचे वेध आपल्या देशांत कवलूर येथील वेधशाळेनेंही घेतले होते. १९८६ सालीं व्हॉयेजर हें यान त्या ग्रहाजवळून गेलें. आणि २००९ सालीं युरोपांतील शास्त्रज्ञांनीं अवरक्त किरण टिपणारी दुर्बीण अंतराळांत धाडली, तेव्हां तिला हर्शल हेंच नांव दिलें. तिनें २०१३ पर्यंत काम केलें.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रांत अद्भुत असें फार थोडें आहे. एक ठरविलेलें काम, तें करण्याचा क्रम, आणि रोज लिहिलेली वही, एवढींच त्याचीं साधनें होतीं. आणि तीं तुम्हांलाही मिळण्यासारखीं आहेत. हर्शल ग्रह साध्या द्विनेत्री दुर्बिणींतून निळसर-हिरव्या बिंदूसारखा दिसतो. पंचांगावरून त्याची जागा काढा. तेथील ताऱ्यांचें चित्र वहींत काढा. कांहीं आठवड्यांनीं पुन्हां काढा, आणि कोणता बिंदु सरकला तें स्वतः शोधा. १७८१ सालीं तो ज्या ठिकाणीं सांपडला, तेथें तो १८६५ व १९४९ सालीं परत आला. आतां २०३३ च्या सुमारास पुन्हां येईल. त्या वेळीं तुम्हीं जपून ठेविलेली वही तुमच्यापाशीं असावी.

आणि पालकांस एक विनंती. हॅनोव्हरच्या त्या घरांत एक मूल असें होतें कीं, त्याला शिकविणें म्हणजे वेळ फुकट घालविणें असें मानलें गेलें होतें. विल्यमनें त्या मुलीस स्वयंपाकघरांतून बाहेर काढलें नसतें, तर अडीच हजार तेजोमेघांची यादी कोणीं लिहिली असती, तें सांगवत नाहीं. आपल्या घरीं असें एखादें मूल रात्रीं अंगणांत उभें राहून वर पाहत असेल, तर त्यास आंत बोलावण्यापूर्वीं क्षणभर त्याच्या शेजारीं जाऊन उभें राहावें.